दाजी, तुमचं दोन डोक्यांचं मशीन

दाजी, ते मशीन बंद कसं करायचं हे तुम्ही कोणालाच सांगून गेला नाहीत. तेराव्याचा मांडव उतरला, लेक-जावई पुण्याला परतले, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत कूलरची मोटार आपली पाणी फिरवतच बसली आहे. ताईने मला हाताला धरून आत नेलं. "हे बग, ते गेल्यापासून तसंच चालू हाय. मी हात लावला न्हाई. तुझं तू बग." मी स्क्रीन लावली तर तुमची वायंडिंगची वही उघडी होती. कोणत्या मोटारीला कितीची तार, किती वेढे. शेवटची नोंद चाकूरच्या कुणाच्या तरी पाच एचपीच्या पंपाची. दोन प्रोसेसर, त्यांचे आठ कोअर, वीस लिटर पाणी, आणि एवढ्या सगळ्यावर चालतंय काय, तर एक वही. मला हसू आलं. ताईने बाहेरून विचारलं, काय झालं गं. मी म्हटलं, काही नाही, दाजींचं अक्षर कॉम्प्युटरवरसुद्धा ओळखू येतं.

मी तुमच्या घरी राहायला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. अकरावी-बारावीला सगळा मराठवाडा लातूरला येतो, तशी मीही उमरीहून आले. मला खोली शोधावी लागली नाही एवढंच, कारण थोरली बहीण लातूरला दिलेली होती. खाली तुमचं मोटार वायंडिंगचं दुकान, वर घर. माझी सगळी बारावी वार्निशच्या वासात गेली. विजेचा धडा क्लासमध्ये तीन वेळा ऐकून मला कळला नव्हता, तो तुम्ही जळालेली मोटार उघडून पंधरा मिनिटांत सांगितलात. "करंट हितून शिरून राहिला, हितून बाहेर चालला, मधी लोखंड. बस, एवढंच हाय." तुम्ही स्वतः दहावीला दोनदा बसलेले. फिजिक्समध्ये मला चांगले मार्क पडले तेव्हा पेढे मी क्लासच्या सरांना नेऊन दिले. तुम्ही पेढा मागून घेतलात, तोही अर्धा.

पुढे मी नांदेडच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागले आणि मांजरा खोऱ्यातल्या विहिरींवर पीएचडी करायला घेतली. कुठल्या गावाचं पाणी किती वर्षांत किती खाली जाईल याचं ते गणित होतं. एकदा सुरू केलं की साध्या मशीनवर महिना-दीड महिना थांबायचं नाही. आणि आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पाच वाजले की शिपाई येऊन मेन स्विच पाडायचा. त्याला मी हात जोडून सांगितलं, चिठ्ठ्या चिकटवल्या, प्राचार्यांची सही आणली. पाच वाजता त्याचा हात आपोआप वर जायचा. मी लातूरला येऊन हे रडगाणं गायलं. तुम्ही भाकरी मोडत होतात. "मग आपण एक मशीन बनवू की," असं म्हणालात, जणू मी खुर्ची मोडली म्हणून सांगत होते.

हैदराबादला तांब्याची तार आणायला तुम्ही जायचातच. त्या फेरीत तिथल्या जुन्या मालाच्या बाजारातून एक बोर्ड घेऊन आलात, कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसच्या सर्व्हरमधला. त्यावर प्रोसेसरच्या दोन जागा. तुम्ही तो लुगड्याच्या घडीसारखा वर्तमानपत्रातून उलगडलात आणि म्हणालात, "दोन डोक्यांचा हाय." डब्याला पैसे कशाला घालवायचे म्हणून जुन्या स्टॅबिलायझरचा पत्रा कापलात. चालू करायचं बटण तुम्ही शेवटपर्यंत बसवलं नाही. टेस्टरचं टोक दोन पिनांना लावलं की ते उठायचं. मी पाहुण्यांना ते कॉम्प्युटर आहे असं सांगायला लाजायचे.

मशीन नीट चाललं, माझं गणित अठरा दिवसांत उरकेल असं दिसलं, मी खूश होते. तुमचं समाधान होईना. तुम्ही कुठे कुठे वाचायला लागलात. इंग्रजी ओळींचे फोटो काढून मला पाठवायचात, "याचा अर्थ सांग," आणि मी अर्थ सांगत गेले. मला वेळेवर कळलं नाही की मी आपल्याच हाताने तुम्हाला दारूगोळा पुरवते आहे. प्रोसेसरच्या पोटावर बारीक सोनेरी टिकल्या असतात. त्यातल्या ठराविक दोन एकमेकींना जोडल्या की बोर्डाला वाटतं, हा गडी वरच्या वेगाचा आहे, आणि तो त्याला तसा पळवतो. त्यासाठी हत्यारं म्हणजे ताईची शिवणाची सुई, वीज वाहून नेणारा चांदीचा लेप आणि मोटारीच्या केसासारख्या तारा हाताळलेली तुमची बोटं. दोन्ही प्रोसेसरना तेच करावं लागायचं. एकाला केलं आणि दुसऱ्याला नाही तर बोर्ड उठायचाच नाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, कंपनीने एक वेग ठरवून दिलाय तो उगीच नाही. वेग वाढवलात आणि एक आकडा कुठे घसरला, तर मी एखाद्या गावाची भरलेली विहीर कोरडी सांगून मोकळी होईन. तुम्ही म्हणायचात, "कंपनी हातचं राखून बनवते गं. तीनची मोटार चारचा पंप ओढती, फकस्त गरम होऊ द्यायची न्हाई. माणसाचं बी तसंच हाय." मग तुम्ही एक छोटं गणित दहा वेळा जुन्या वेगाने आणि दहा वेळा नव्या वेगाने करून दाखवलंत. उत्तरं तंतोतंत जुळली. तरी मी मान्य केलं नाही. तुमच्याशी बोलताना मान्य न करणं हीच माझी करमणूक होती.

पण गरम मात्र ते होत होतं. एप्रिलमधलं लातूर, आणि तुम्ही त्याला आणखी पळवलेलं. मग तुम्ही पाण्यावर आलात. जळालेल्या स्टार्टरमधल्या तांब्याच्या दोन जाड पट्ट्या घेतल्यात, एकेका प्रोसेसरवर बसवायला, त्यांना पाण्यासाठी आतून नाळ पाडली, रेडिएटरवाल्याकडून सांध्यांना डाग मारून घेतला, आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्या पट्ट्या तीन दुपारी घासत बसलात. कूलरची मोटार पाणी ढकलायला. भंगारातल्या कारच्या एसीची जाळी पाणी निववायला, तीही कूलरच्या वाऱ्यासमोर उभी केलेली. आणि टाकी म्हणून पिण्याच्या पाण्याचा निळा जार. एवढं सगळं जोडल्यावर गरमीचा आकडा साठ अंशांच्या खाली आला तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक सोडून मला फोन केलात.

कूलरच्या दमट हवेने डबा गंजेल असं मी तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, हवा खिडकीतून बाहेर जाते, गंजायचा प्रश्नच न्हाई. दाजी, मी परवा पाहिलं. चार स्क्रू गंजलेत. हा मुद्दा माझा.

ताईला त्या जारचा राग होता. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात वीस लिटर पाणी नुसतं गोल गोल फिरवायचं हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. "माणसं पाण्यासाठी घागरी घेऊन उभी राहतात अन् ह्यांनी डब्याला आंघोळ घालायचं काढलंय," असं ती येईल त्याला सांगायची. तुम्ही तिला समजावलंत की हे नळाचं नाही, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आहे, दुकानातलं आहे, आणि तेच लागतं. तिने ऐकून घेतलं. निदान आपल्याला तसं वाटलं.

त्या वर्षी माझे मार्गदर्शक निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध दिला नाही तर नवे मार्गदर्शक, नवी समिती, पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं मोठं गणित लावून मी नांदेडला निघून आले. रोज दुपारी तुमचा निरोप यायचा, आज इतके टक्के. तुम्ही एकदा विचारलंत, "मधून मधून लिहून ठेवत न्हाई का ते? लाइट गेली-आली तर?" मी म्हटलं, तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आहेत ना. खरं म्हणजे मधे मधे जपून ठेवण्याच्या चार ओळी लिहायचा मला कंटाळा आला होता.

बाराव्या दिवशी मशीन तापून बंद पडलं. तांब्याच्या पट्ट्यांतल्या नाळा पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या, मोटारीच्या तोंडाशी खडूसारखा थर साठला होता. बारा दिवस पाण्यात गेले. प्रबंध द्यायला एकोणीस दिवस उरले होते. मी फोनवर विचारलं, हा क्षार आला कुठून? तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं. बॅटरीचं पाणी संपलं व्हतं, मी बोअरचं टाकलं."

त्यावर मी जे बोलले ते तुम्हाला आठवत होतं हे मला माहीत आहे. मोटारी गुंडाळणाऱ्याने मोटारीच गुंडाळाव्यात, असं मी म्हणाले. आणखीही बोलले, पण तेवढं एक वाक्य पुरेसं होतं. ज्याच्या घरी दोन वर्षं जेवले, ज्याने मला वीज शिकवली, त्याला. तुम्ही नुसता होकार दिलात. "हाव," म्हणालात. मी फोन ठेवला आणि लातूरचं नाव टाकलं.

सतरा दिवसांनी तुमचा निरोप आला, नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे डबा दिलाय, घेऊन जा. ताईची शेंगदाण्याची चटणी, आणि तिच्यात प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला पेनड्राइव्ह. सोबत चिठ्ठी: "पंधरा दिवस चार तास. गरमी ५८. तपासून घे." तुम्ही दोन दिवस लिंबूसत्त्वाने नाळा धुतल्या होत्या आणि मी सोडून गेलेलं गणित तसंच्या तसं पुन्हा लावलं होतं. साध्या वेगाने त्याला अठरा दिवस लागले असते आणि माझी तारीख टळली असती. तुम्ही त्या टिकल्या जोडल्या म्हणून ते पंधरात बसलं. वर्षभर ज्या गोष्टीसाठी मी तुमच्याशी भांडले, तिनेच माझा प्रबंध वाचवला. मी आकडे तपासले. लॅबमध्ये आधी काढलेल्या गावांच्या आकड्यांशी सगळे जुळले. आणि तरीही मी फोन केला नाही. यांनी बिघडवलं, यांनीच दुरुस्त केलं, फिटंफाट झाली, असं मनाशी ठरवलं.

प्रबंधाचा ऋणनिर्देश मी त्याच रागात लिहिला. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, टायपिंग करून देणारे, माझा नवरा, ताई. लॅबचा शिपाईसुद्धा होता, पाच वाजता मेन पाडणारा. तुम्ही नव्हतात.

पाच महिन्यांनी मी लातूरला आले, बांधलेला प्रबंध घेऊन. काही झालंच नाही अशा थाटात तुम्ही तो हातात घेतलात, हात पुसून. ऋणनिर्देश उभ्यानेच वाचलात, एकेका नावावरून बोट फिरवत. मी चहाच्या कपात बघत होते. शिपायाच्या नावावर तुमचं बोट थांबलं. "हा त्योच का, मेन पाडणारा?" मी हो म्हटलं. "भला माणूस," म्हणालात आणि पान उलटलंत. मग तो प्रबंध प्लास्टिकमध्ये घालून दुकानाच्या काउंटरवर ठेवलात, आणि मोटार घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दाखवत राहिलात. "आमच्या मशीनवर झालेला हाय." कोणी उघडून तुमचं नाव शोधायला लागला की म्हणायचात, "ते इंग्रजीत हाय, तुला दिसणार न्हाई."

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण तेरा दिवस येणारा जाणारा प्रत्येकजण हळहळून गेला आणि मला ते ऐकवेना. मी सुट्टीला यायचे, वाटेत अहमदपूरला चहा पिऊन तुम्हाला फोन करायचे, आणि मी पोचेपर्यंत तुम्ही मशीनचा पत्रा उघडून बसलेले असायचात. दर वेळी काहीतरी नवं. जाळीला दुसरा पंखा, नळीला नवं वळण. दोन अंश कमी झाले की तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मला त्या दोन अंशांचं काही नव्हतं. आपण दोघं पत्र्यात डोकं घालून भांडतोय आणि ताई वरून जेवायला हाका मारते आहे, त्या दुपारी मला हव्या असायच्या. त्या मिळाल्या, पुष्कळ मिळाल्या. माफी मात्र मी पुढच्या खेपेवर टाकत गेले. तुम्ही कधी विषयच काढला नाहीत, म्हणून मला सोपं गेलं.

आज सकाळी जारमधलं पाणी कमी झालेलं दिसलं. मी ताईला विचारलं, यात ओतायला काही आहे का. ती भांडी घासत होती. "बॅटरीचंच टाक हां," ती एकदम जोरात म्हणाली. मग हात तसेच ओले ठेवून दारात येऊन बसली.

"ते पाणी मी टाकलं व्हतं, वैशू."

मला आधी कळेना, कोणतं पाणी.

"तुझं मशीन बंद पडलं तवाचं. हे खेड्यात मोटारी बसवायला जायचे, जार कमी झालेला दिसायचा. मला वाटलं, आटलं तर तुझं नुकसान व्हईल. म्हून रोज तांब्या तांब्या टाकत गेले. आपल्या फिल्टरमधून वाया पाणी निघतं न्हाई का, बादलीत धरलेलं, त्ये. चांगलं पाणी कशाला त्यात घालायचं म्हटलं."

फिल्टर पाण्यातून जो क्षार काढून टाकतो, तो सगळा त्या बादलीत असतो. लातूरच्या बायका ती बादली भांड्यांना, फरशीला पुरवून पुरवून वापरतात, थेंब सांडू देत नाहीत. ताईने त्यातलंच पाणी माझ्या मशीनला दिलं, माझ्या काळजीने, रोज. मी म्हटलं, "मग दाजींनी मला तसं का सांगितलं?"

"तू फोनवर वरडून राहिली व्हतीस, मला हिथपर्यंत ऐकू येत व्हतं. मी म्हटलं, आणा, मी सांगते तिला. त्यांनी फोन दिला न्हाई." ताई पदराने हात पुसत राहिली. "नंतर मी लई भांडले त्यांच्याशी, कामून खोटं बोलले म्हणून. तर म्हणाले, 'माझ्यावर चिडली तर चिडू दे. मी काय, बाहेरचा माणूस. तुझ्यावर चिडली अन् यायची बंद झाली, तर तुला माहेर कुठलं उरलं?'"

आई-अण्णा तोवर गेले होते. उमरीचं घर चुलत्यांनी घेतलं होतं, भाऊ आम्हाला नाही. ताईला माहेर म्हणजे मीच एक, हे मला कधी सुचलं नव्हतं, दाजी. ते तुम्हाला फोन हातात असताना, मी तोंडाला येईल ते बोलत असताना सुचलं.

तुम्ही बाहेरचे नव्हता. माझं चुकलं होतं, त्या दिवशी आणि नंतर प्रत्येक खेपेला. तुमचं नाव त्या पानावर पहिलं असायला हवं होतं. हे तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही काहीतरी फालतू बोलून मला हसवलं असतंत आणि विषय मोडला असतात. म्हणून लिहून ठेवते आहे, आता मोडता येणार नाही.

उद्या सकाळच्या गाडीने मी ताईला नांदेडला नेते आहे, चांगली महिनाभर. तिची टकळी सुरू आहे. दुकान बंद राहील, नळ कधी येईल कोण जाणे, तुझ्या घरात आधीच गर्दी, मला कशाला नेतेस. असं म्हणता म्हणता तिने दोन पातळं पिशवीत घातली आहेत, आणि आता तिसरं कोणतं घ्यावं ते मला विचारते आहे.